दुसऱ्या पेगला सिगरेट आठवतेच, असं का होतं?

उत्तररात्र

चौदा महिने झाले होते मला सिगरेट सोडून. मोबाईलमधे दिवस मोजायचं ॲप आहे, रोज सकाळी तो आकडा बघायची सवय लागली होती. मधे कामाचे भयंकर ताणाचे दिवस येऊन गेले, आईचं ऑपरेशन झालं, तीन रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून काढल्या, तेव्हाही ओढली नाही. तलफ यायची, पण पाच मिनिटं कळ काढली की निघून जायची. मला अगदी मनापासून वाटायला लागलं होतं की सुटली आता.

आणि परवाच्या शनिवारी जुने मित्र खूप महिन्यांनी एकत्र बसलो. पहिला पेग संपेपर्यंत मला काहीही झालं नाही, समोर दोघं ओढत होते, धूर अंगावर येत होता, उलट त्याचा थोडा त्रासच वाटला. दुसरा अर्धा झाला आणि माझा डावा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात पाकीट असायचा प्रश्नच नव्हता, पण हात गेला, दोन बोटांनी खिसा चाचपला, आणि तो रिकामा लागल्यावर जे वाटलं ते मला नीट सांगता येत नाही, काहीतरी हरवलंय आणि ते आत्ताच्या आत्ता सापडलं पाहिजे असं काहीसं. मित्राच्या पाकिटातली एक उचलली. तो म्हणाला सुद्धा, "अरे तू सोडलीयेस ना?" मी म्हणालो, "एकच." त्या रात्री चार झाल्या. दुसऱ्या दिवशी ॲपमधला आकडा शून्य करताना मला रडू आलं.

मला हे समजून घ्यायचंय म्हणून धागा काढलाय. आईच्या ऑपरेशनच्या रात्री जे जमलं ते हसत-खेळत मित्रांत बसलेलो असताना का नाही जमलं? ताण असला की माणूस ओढतो म्हणावं तर त्या दिवशी ताण नव्हताच, मी खूप खूष होतो. आणि हे माझ्या एकट्याचं नाहीये. आजूबाजूला बघितलं तर पिणाऱ्यांतले कितीतरी जण ओढतात, ओढणाऱ्यांतले कितीतरी पितात, आणि काहीजण तर असे आहेत की आठवडाभर सिगरेटला शिवतही नाहीत आणि ग्लास हातात आला की पहिल्यांदा लायटर शोधतात. दारूत असं काय आहे की तिला सिगरेट लागते? का सिगरेटलाच दारू लागते? कुणाला शास्त्र माहीत असेल तर सांगा, कुणाचा अनुभव असेल तर तोही लिहा. "मनाचा निश्चय पक्का हवा" एवढंच लिहायचं असेल तर हात जोडून विनंती आहे की नका लिहू. निश्चय होता.

अर्धविराम

आठवडाभर सिगरेटला न शिवणाऱ्या ज्या लोकांबद्दल तुम्ही लिहिलंय ना, तो मी. मी स्वतःला कधीच स्मोकर म्हणवून घेत नाही. पाकीट विकत घेत नाही, सकाळी उठून ओढावीशी वाटत नाही, प्रवासात आठ आठ दिवस आठवण येत नाही. पण प्यायला बसलो की एका बैठकीत पाच-सहा सहज होतात आणि त्या मला हव्याच असतात, कुणी आग्रह केला म्हणून नाही. बायको विचारते की तुला व्यसन नाही म्हणतोस तर मग त्या दिवशीच का लागतात, माझ्याकडे खरंच उत्तर नाहीये. वाचतोय. धागा चालू राहू द्या.

मेघमल्हार

उत्तररात्र, मी फार्मकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे शास्त्राचा भाग माझ्याकडे. पण आधी हे सांगते की चौदा महिने वाया गेलेले नाहीत. ॲपला शून्य कळतं, फुप्फुसांना ते चौदा महिने मिळालेच.

आता मूळ मुद्दा. झुरका घेतला की निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. मेंदूतल्या पेशींवर असिटिलकोलीन नावाच्या आपल्याच एका रसायनासाठी कुलपं असतात, त्यातल्या काही कुलपांना निकोटीनची किल्ली बरोब्बर बसते, म्हणून त्यांना निकोटिनिक रिसेप्टरच म्हणतात. ती उघडली की पुढे डोपामिन नावाचं दुसरं रसायन सुटतं आणि मेंदू नोंद करून ठेवतो की हे काम परत करण्यासारखं आहे. दारूचं असं एकच कुलूप नाही, ती एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी हात घालते, शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते, उत्तेजित करणारीला दाबते. पण डोपामिनपर्यंत जाताना ती काही प्रमाणात या निकोटिनिक रिसेप्टरांच्याच वाटेने जाते. हे कशावरून? मेकॅमिलामीन नावाचं एक औषध आहे, ते ही कुलपं बंद करतं, आणि ते देऊन लोकांना दारू दिली तर सुरुवातीची जी तरतरी येते ती कमी जाणवते असं प्रयोगांत दिसलंय. तसंच व्हॅरेनिक्लिन, जे २००६ पासून सिगरेट सोडवण्यासाठी वापरतात, ते याच रिसेप्टरांवर काम करतं आणि काही चाचण्यांत ते घेणाऱ्यांचं पिणंही कमी झालं. म्हणजे दोन्ही गोष्टी बाहेरून वेगळ्या दिसतात पण आत एकाच दारावर येऊन थाप मारतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दारू दोन तोंडांची आहे. रक्तातलं प्रमाण चढत असतं तेव्हा माणूस खुलतो, बोलका होतो, आणि पुढे जडपणा, सुस्ती येते. हा जडपणा यायला लागला की पिणाऱ्याला काहीतरी जागं करणारं हवं असतं, आणि निकोटीन ते काम काही सेकंदांत करतं. एक खाली ओढते, दुसरी वर खेचते. मग वर आलात की परत पिऊ शकता. तुमची तलफ पहिल्या पेगला नाही, दुसऱ्याच्या मध्यावर आली, ते मला अजिबात योगायोग वाटत नाही.

आणि तिसरं, कपाळामागचा मेंदूचा जो भाग "नको, थांब" म्हणतो त्याच्यावर दारूचा परिणाम लवकर होतो. हॉस्पिटलच्या बाकड्यावर तो भाग पूर्ण जागा होता. शनिवारी रात्री नव्हता. तलफ वाढवणारी आणि ब्रेक सैल करणारी गोष्ट एकच होती, एवढाच फरक.

थांबलेला_पाऊस

खूप सोप्पं करून सांगितलंत. एक शंका. म्हणजे सिगरेट ओढली तर दारू कमी चढते असं समजायचं का? आमच्यात एकजण कायम म्हणतो की एक सिगरेट मारली की उतरते, आणि मग स्वतः गाडी चालवत जातो.

मेघमल्हार

त्यांना गाडीच्या किल्ल्या देऊ नका, हे आधी. निकोटीनने डोळे उघडल्यासारखे वाटतात, पण रक्तातली दारू आहे तिथेच असते. ती लिव्हर त्याच्या वेगाने मोडतं, त्याला सिगरेटने घाई होत नाही. कमी झाल्यासारखं वाटतं ते प्यायल्याचं भान, नशा नाही.

यात अजून एक गंमत नसलेली गोष्ट आहे. निकोटीनमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. दारू मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते, तिथे ती उशिरा पोचली तर रक्तातलं प्रमाण सावकाश चढतं. मग पिणाऱ्याला वाटतं अजून काही झालंच नाही, अजून एक भरू. ओढणारा माणूस बऱ्याचदा जास्त पितो त्याच्यामागे हेही एक कारण असू शकतं. उंदरांवर हे फार स्वच्छ दिसलंय, माणसांतही जठराचा वेग मंदावलेला मोजलाय.

कोरडी_विहीर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. रिसेप्टर, डोपामिन वगैरे सगळं खरं असेल, पण हे सगळं वाचून माणसाला एक सबब मिळते की मी काय करणार माझ्या मेंदूनेच केलं. माझ्या भावाने सोळा वर्षं हेच केलं. प्रत्येक वेळी कारण तयार असायचं, कधी नोकरी, कधी मित्र, कधी आमचे वडील, आणि शेवटी शेवटी डॉक्टरांनी आजार आहे म्हणून सांगितल्यावर तर तेच एक कारण पुरलं. घरातल्यांनी किती सोसायचं त्याला काही रिसेप्टर नसतो. पेग कुणी तोंडात ओतला नव्हता ना? पाकिटाकडे हात तुमचाच गेला ना?

उत्तररात्र

नाही, राग नाही आला. तुमचं सोळा वर्षांचं वाचून गलबललं. हात माझाच गेला, ते मी कुणावर ढकलत नाहीये. पण मला जर माहीत असतं की दुसऱ्या पेगच्या मध्यावर हे होणार आहे तर मी दुसरा भरलाच नसता, किंवा त्या दिवशी गेलोच नसतो. मी समोरून येणाऱ्या ताणाची तयारी करून बसलो होतो आणि हे मागच्या दाराने आलं. ते दार कुठे आहे हे कळावं एवढ्यासाठीच विचारतोय.

जुनाखोड

मित्रा, मी सत्तरीला आलोय, दोन्ही केलेलं आहे आणि दोन्ही सोडलेलं आहे, तेव्हा दोन शब्द माझेही. मेघमल्हार ताईंनी लिहिलं ते बरोबरच आहे पण मला तुला एक साधा प्रश्न विचारायचाय. या चौदा महिन्यांत तू किती वेळा प्यायलास?

उत्तररात्र

काका, शनिवार धरून तीनदा. आधीच्या दोन वेळा एकेकच, घरगुती कार्यक्रमात, तिथे कुणी ओढत नव्हतं.

जुनाखोड

मला वाटलंच. आता बघ. सकाळचा चहा तू चौदा महिन्यांत चारशे वेळा तरी प्यायला असशील, सिगरेटशिवाय. जेवण झाल्यावरची, कामावरच्या सुट्टीतली, फोनवर बोलतानाची, बस यायच्या आधीची, या सगळ्या गाठी तू एकेक करून शेकडो वेळा सोडवल्यास. म्हणून त्या सुटल्या. ताणाचंही तसंच, ताण तर रोज असतो, रोज सराव झाला. पण मित्रांबरोबरचा दुसरा पेग ही गाठ तू चौदा महिन्यांत एकदाही सोडवायला घेतलीच नाहीस, ती जिथे होती तिथे जशीच्या तशी पडून होती, आणि शनिवारी तू जाऊन तिच्यासमोर बसलास. यात तुझा निश्चय कच्चा होता असं मी म्हणणार नाही. तो निश्चय त्या खोलीत कधी गेलाच नव्हता.

पाव्हलॉव्हचा कुत्रा शाळेत शिकलो आपण, घंटा वाजली की लाळ. त्याच पाव्हलॉव्हने पुढची गोष्टही बघून ठेवलीये ती कुणी फारशी सांगत नाही. खाणं न देता संकेत देत राहिलं तर लाळ थांबते, पण मधे काही काळ जाऊन परत तो संकेत दिला की लाळ पुन्हा सुटते. सवय पुसली जात नाही, वर दुसरी सवय लिहिली जाते, आणि ती ज्या जागी लिहिली त्या जागीच नीट वाचता येते.

माझं उलटं झालं. मी आधी दारू सोडली, चोवीस वर्षांपूर्वी, आणि दारू सोडणाऱ्यांच्या ज्या गटात जायचो तिथे सगळेच ओढायचे. मीटिंगच्या खोलीत धूर असा असायचा की समोर बोलणाऱ्याचा चेहरा पुसट दिसायचा. आम्हाला सांगितलं जायचं की आत्ता सिगरेटकडे बघू नका, एका वेळी एकच लढाई. मी अकरा वर्षं ती पहिली लढाई जिंकत राहिलो आणि दिवसाला दोन पाकिटांवर गेलो. आमच्या गटातले तिघं गेले, तिघंही दारूच्या एका थेंबाशिवाय गेले, दोन फुप्फुसाने आणि एक हृदयाने. ज्या बिल विल्सनने १९३५ साली डॉक्टर बॉबबरोबर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं, लाखो लोकांना वर काढलं, तो स्वतः दारूपासून शेवटपर्यंत लांब राहिला आणि १९७१ साली एम्फिसीमा या फुप्फुसाच्या आजाराने गेला, आयुष्यभर ओढलेल्या सिगरेटींनी. मला हे कळलं तेव्हा मी त्या रात्री झोपलो नाही.

सायली_न

मी इथे सहसा लिहीत नाही. काकांचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझे बाबा रोज संध्याकाळी दोन ग्लास आणि त्याच्याबरोबर पाच-सहा सिगरेटी. कधी तोल गेला नाही, कधी आवाज चढला नाही, त्यामुळे आम्ही कुणी त्याला व्यसन म्हणायचो नाही, बाबांची संध्याकाळ म्हणायचो. ग्लास उजव्या हाताला, ॲशट्रे डाव्या हाताला, आणि लाकडी टेबलावर ग्लासाची गोल ओली खूण, ती आई रोज पुसायची. मग जिभेच्या कडेला एक पांढरट चट्टा आला. दुखत नव्हता. बाबा म्हणाले दात लागला असेल. चार महिने तसेच गेले. ऑपरेशन झालं, जिभेचा एक भाग काढला. बाबा आज आहेत, पण "सायली" म्हणताना त्यांना "स" जमत नाही. हाक मारतात तेव्हा मी ओ द्यायला एक क्षण लावते, कारण गळा भरून येतो.

तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमधे दारूचा धोका अधिक सिगरेटचा धोका अशी बेरीज होत नाही, गुणाकार होतो. नंतर मी स्वतः वाचलं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला दोन किंवा जास्त पाकिटं आणि चारपेक्षा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांना हा धोका दोन्हींपासून लांब असणाऱ्यांच्या पस्तीस पटींहून जास्त निघाला होता. बाबा तेवढं नव्हते घेत. तरी झालं. दारूने तोंडाचं आतलं अस्तर जास्त झिरपतं होतं आणि धुरातली विषं त्यातून सहज आत जातात, शिवाय दारू मोडताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं ते स्वतःच पेशींना इजा करतं, आणि ते सिगरेटच्या धुरातही असतं.

एकच सांगते, तोंडात दोन आठवड्यांत बरा न होणारा चट्टा, जखम, गाठ काहीही असेल तर दाखवा. दुखण्याची वाट बघू नका.

नदीकाठ

सायली, बाबांना नमस्कार सांग.

मला एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते, सगळं मेंदूत शोधायला नको. बैठकीतली सिगरेट हे दोन माणसांनी मिळून बाहेर जायचं निमित्तही असतं. आत सगळे मोठ्याने बोलत असतात, बाहेर गॅलरीत दोघंच, आणि खरं बोलणं तिथे होतं. माझ्या आयुष्यातली काही फार जवळची बोलणी अशी झालीयेत, मित्राने नोकरी गेल्याचं तिथेच सांगितलं, दुसऱ्याने घटस्फोटाचं. मी सोडल्यावर मला सिगरेटपेक्षा ते गॅलरीतलं बोलणं जास्त आठवायचं. मग एकदा मी तसाच, काही न ओढता, मित्राबरोबर उठून बाहेर गेलो. त्याला काहीच वाटलं नाही. बोलणं झालं.

आयर्लंडने २००४ च्या मार्चमधे पबसकट सगळ्या कामाच्या ठिकाणी सिगरेट बंद केली, देशभर असं करणारा तो पहिला देश. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं की पब आणि धूर वेगळे होऊच शकत नाहीत. ग्लास आत आणि सिगरेट बाहेर अशी फारकत होऊ शकते हे तिथे दिसलं. म्हणजे ही जोडी अगदी निसर्गानेच बांधलेली आहे असं नाही, जागेनेही बांधलेली आहे.

मेघमल्हार

नदीकाठ, पूर्ण सहमत. आणि तिसरी बाजू वारशाची. २०१९ मधे जवळपास १२ लाख लोकांची जनुकीय माहिती एकत्र करून एक अभ्यास झाला, त्यात तंबाखू आणि दारू दोन्हींशी जोडलेल्या जनुकांतल्या शेकडो जागा सापडल्या, काही दोन्हींना सामाईक. त्यावरून कुणाचं नशीब ठरत नाही, एकेका जागेचा परिणाम फार छोटा असतो. पण एका घरात दोन्ही सवयी एकत्र दिसतात ते निव्वळ बघून बघून शिकल्यामुळेच, असं म्हणता येत नाही.

कोरडी विहीर, तुमच्या प्रतिसादाबद्दल मी दोन दिवस विचार करत होते. आजार म्हटलं की जबाबदारी संपत नाही. मधुमेह असलेल्या माणसालाही औषध स्वतःच घ्यावं लागतं. पण घरच्यांचं सोसणं कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नसतं हे तुमचं खरं आहे.

कोरडी_विहीर

धन्यवाद. एवढं कुणी म्हटलं नव्हतं आजपर्यंत.

अर्धविराम

मी या शनिवारी एक करून बघितलं. निकोटीनची च्युइंगगम आणली, म्हटलं बिअर पिताना सिगरेटऐवजी ही चघळू. तीन चघळल्या, काही उपयोग नाही, शेवटी दोन ओढल्याच. गम बोगस असते का?

मेघमल्हार

गम बोगस नाही, पण ती पोटातून नाही, गालाच्या आतल्या कातडीतून शोषली जाते, आणि त्यासाठी तोंड आम्लयुक्त असून चालत नाही. बिअर, कॉफी, सोडा हे सगळं आम्लयुक्त. त्यामुळे गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही असं पाकिटावरच लिहिलेलं असतं. तुम्ही एका हाताने देत होतात आणि दुसऱ्या हाताने धुवून काढत होतात. शिवाय सारखी चघळायची नसते, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची. आणि एक, तुम्ही आठवड्यातून एकदाच ओढता, तेव्हा तुम्हाला निकोटीनची कमतरता भरून काढायची नाहीये. तुमच्याकडे ग्लास हीच ठिणगी आहे. महिनाभर ग्लासच बाजूला ठेवून बघा, सिगरेटीचं काय होतं ते आम्हालाही सांगा.

थांबलेला_पाऊस

मग दोन्ही एकदम सोडावं का एकेक? काकांना सांगितलं होतं एका वेळी एक. आमच्याकडेही सगळे हेच म्हणतात की दोन्ही एकदम सोडलं तर माणूस मोडून पडेल.

मेघमल्हार

हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, चांगल्या हेतूने. पण आकडे वेगळं सांगतात. १९९६ मधे अमेरिकेतल्या मिनेसोटामधला एक अभ्यास आला, दारूच्या व्यसनासाठी उपचार घेतलेल्या लोकांचं पुढे काय झालं त्याचा. जे वारले त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या मृत्यूचं कारण तंबाखूशी संबंधित होतं, दारूशी संबंधित साधारण एक तृतीयांश. म्हणजे ज्याच्यासाठी उपचार झाले त्याच्यापेक्षा, ज्याच्याकडे दुर्लक्ष केलं त्याने जास्त माणसं नेली. काकांच्या गटातले तिघं या आकड्यातलेच. आणि २००४ मधे बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितलं तर व्यसनमुक्तीच्या उपचारातच सिगरेट सोडायलाही मदत मिळाली त्यांची दारू किंवा इतर नशेपासून लांब राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त निघाली. मोडून पडणं तर सोडाच.

पण इथे एक धोक्याची गोष्ट आहे, ती कृपया नीट वाचा. सिगरेट एका दिवसात थांबवली तर चिडचिड होईल, झोप जाईल, पण जिवाला धोका नाही. दारूचं तसं नाही. जो माणूस रोज भरपूर पितो, ज्याला सकाळी हात थरथरल्याशिवाय राहत नाही, त्याने घरच्या घरी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर पाहिजेतच. निश्चय कितीही असला तरी.

अवांतर: सिगरेट सोडताना कॉफी थोडी कमी करा. धुरातल्या घटकांमुळे लिव्हर कॅफीन भराभर मोडत असतं, धूर थांबला की तीच कॉफी रक्तात जास्त वेळ राहते, आणि मग जी धडधड आणि अस्वस्थता होते तिला लोक तलफ समजतात.

उत्तररात्र

तीन आठवडे झाले, म्हणून कळवतोय. सिगरेट नाही. दारूही नाही, निदान या वर्षात नाही असं ठरवलंय, मी रोज पिणारा नसल्याने डॉक्टरांचा प्रश्न नव्हता, तरी विचारून घेतलं.

काल त्याच मित्रांकडे गेलो होतो, मुद्दाम. पाण्याचा ग्लास घेऊन बसलो. सगळ्यांचा दुसरा भरला गेला त्या सुमाराला मला तलफ आली, मी स्वतः एक थेंबही न पिता! मेघमल्हार ताई, याचं उत्तर मला आता काकांनीच देऊन ठेवलंय. हात खिशाकडे गेला. जाताना खिशात पेन अडकवून गेलो होतो, बोटांना ते लागलं. मग नदीकाठ यांनी लिहिलं तसं एकाला घेऊन बाहेर गेलो. ज्याच्या पाकिटातली मी उचलली होती तोच. त्याला हा धागा दाखवला. तो बराच वेळ गॅलरीत उभा राहून वाचत होता, सिगरेट बोटात तशीच जळून गेली. आयडी काढून लिहितो म्हणालाय.

जुनाखोड

शाब्बास. त्याला लिहू दे. घाई करू नका कुणी.

गॅलरीतला

नमस्कार. नवीन आयडी आहे, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पाकीट माझं होतं. मी त्याला एकदाच विचारलं आणि मग लायटर मीच पुढे केला, हे त्याने वर लिहिलेलं नाही. मी रोज पितो, चार-पाच, सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त, आणि सकाळी दाढी करताना हात थरथरतो, गेलं वर्षभर. घरात कुणाला माहीत नाही, मी सांगतो की चहा जास्त झाला. ते डॉक्टरांबद्दल वर लिहिलंय ते मी चार वेळा वाचलं. कुणाकडे जायचं असतं त्यासाठी? मानसोपचारवाल्यांकडेच जावं लागतं का, का आपले नेहमीचे डॉक्टर चालतील?

मेघमल्हार

नेहमीचे डॉक्टर चालतील. गरज वाटली तर ते पुढे पाठवतील. उद्याच जा, आणि जाईपर्यंत स्वतःहून एकदम थांबवू नका. किती आणि किती वर्षं पिता ते खरं सांगा, कमी करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावरच ठरतो. आधी कधी फिट आली असेल, बीपी असेल, लिव्हरचं काही निघालं असेल तर तेही सांगा. सिगरेटीही सांगा, दिवसाला किती आणि उठल्यावर किती वेळात पहिली लागते ते. घरातलं कुणीतरी एक बरोबर असलं तर बरं, सुरुवातीचे चार-पाच दिवस लक्ष ठेवायला माणूस लागतं.

उत्तररात्र

मी जातोय त्याच्याबरोबर. सकाळी साडेनऊला.